‘गेलो नव्हतो’चं इंग्रजी

‘मी काल ऑफिसला गेलो नव्हतो.’ हे वाक्य इंग्रजीत सांगा म्हटलं की मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाकडून साधारण तीन उत्तरं येतात. ‘आय डिड नॉट वेंट टू द ऑफिस येस्टर्डे.’ ‘आय वॉज नॉट वेंट टू द ऑफिस येस्टर्डे.’ आणि ‘आय हॅड नॉट गॉन टू द ऑफिस येस्टर्डे.’ पहिली दोन चुकीची आहेत हे बहुतेकांना कधी ना कधी कुणीतरी सांगितलेलं असतं. तिसरं मात्र वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. त्यातला एकेक शब्द सुटा घेतला तर बरोबर आहे, ‘हॅड’पुढे ‘गॉन’ हे तिसरं रूपही नेमकं आलंय. तरीही इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे तो माणूस हे ऐकून गप्प बसेल. तुमचं बोलणं अर्धवट राहिलंय, पुढे अजून काहीतरी येणार आहे, असं त्याला वाटेल. हवं होतं ते साधं वाक्य: ‘आय डिडन्ट गो टू द ऑफिस येस्टर्डे.’

तिन्ही चुका होतात त्या आपण मराठी नीट बोलतो म्हणून. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांची कारणं सहसा सापडत नाहीत, कारण त्यांतली बहुतेक पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

आधी ‘डिड नॉट वेंट’कडे पाहू. क्लासमध्ये याचं औषध एका ओळीत मिळतं: डिड आलं की व्ही वन. म्हणजे क्रियापदाचं पहिलं, मूळ रूप. ओळ शंभर टक्के खरी आहे आणि तिला अपवादही नाही. पण असं का, हे न कळल्यामुळे ती परीक्षेपुरती लक्षात राहते आणि बोलताना विसरते.

कारण मराठीतच आहे. ‘तू गेलास’ याचा नकार काय? ‘तू गेला नाहीस.’ शेवटचा ‘स’ कुठे गेला बघा. तो ‘गेलास’वरून उठला आणि ‘नाही’वर जाऊन बसला. ‘तू गेलास नाहीस’ असं कुणी म्हणत नाही, कानाला ते लगेच खटकतं. ‘ते आले नाहीत’मधला ‘त’सुद्धा ‘नाही’लाच चिकटतो. म्हणजे नकार आला की क्रियापदाच्या अंगावरची एखादी खूण उतरून शेजारच्या शब्दावर चढते, ही गोष्ट आपल्याला जन्मापासून येते. इंग्रजीत तेच होतं. फक्त तिथे उतरते ती पुरुषाची खूण नव्हे, तर काळाची. ‘वेंट’ म्हणजे ‘गो’ अधिक भूतकाळ. नकारासाठी ‘डू’ मदतीला आलं, त्याने भूतकाळ स्वतःकडे घेतला आणि ते ‘डिड’ झालं. मागे उरलं नुसतं ‘गो’. ‘डिड वेंट’ म्हणजे ‘गेलास नाहीस’. एकच खूण दोनदा.

इंग्रजीत हे कायम असंच नव्हतं. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘आय न्यू हिम नॉट’ अशी रचना आढळते, अगदी आपल्या ‘मी त्याला ओळखलं नाही’सारखी: आधी भूतकाळी क्रियापद, मागून नकार. त्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे ‘डिड नॉट’वाली पद्धत जिंकली आणि जुनी काही म्हणींत, प्रार्थनांत आणि ‘फरगेट-मी-नॉट’ या फुलाच्या नावात उरली. त्या काळी ‘आय डिड गो’ हे होकारार्थी वाक्यही कसलाच जोर न देता म्हटलं जाई. आता तसं म्हटलं तर अर्थ होतो ‘अहो, मी गेलो होतो, खरंच!’ साधं ‘गेलो’ सांगताना ‘आय डिड गो’ म्हणणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर समोरच्याला वाटतं, ‘मी कुठे अविश्वास दाखवला?’

जाता जाता एक गंमत. ‘रीड’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप लिहायला तेच, पण उच्चार ‘रेड’. त्यामुळे ‘आय डिडन्ट रेड इट’ ही चूक कागदावर कधीच पकडली जात नाही. ती तोंड उघडल्यावर कळते.

मग ‘डिड’ लागतं कधी आणि लागत नाही कधी? वाक्यात आधीच मदतनीस क्रियापद आहे का, एवढंच बघायचं. ‘वॉज’, ‘वर’, ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’, मदतनीस म्हणून आलेलं ‘हॅड’, यांपैकी कुणी असेल तर ‘नॉट’ त्याच्यामागे लागतं आणि ‘डिड’ची गरज संपते. दोन-तीन मदतनीस असतील तर पहिल्यामागे: ‘ही शुड नॉट हॅव बीन टोल्ड.’ कुणीच नसेल तर ‘डिड’ला बोलवायचं. ‘वॉज’ आणि ‘वर’ एकटे, मुख्य क्रियापद म्हणून आले तरी नकार स्वतःच पेलतात: ‘आय वॉजन्ट ॲट होम.’ ‘हॅव’चं तसं नाही. ‘जवळ असणे’ या अर्थाचं ‘हॅव’ आजच्या इंग्रजीत साध्या क्रियापदासारखं वागतं. ‘माझ्याकडे पैसे नव्हते’ म्हणजे ‘आय डिडन्ट हॅव एनी मनी’ किंवा ‘आय हॅड नो मनी.’ ‘आय हॅडन्ट एनी मनी’ हे जुन्या ब्रिटिश कादंबऱ्यांत दिसेल, ते चूक नाही, फक्त जुनं झालंय. ‘आय वॉज नॉट हॅविंग मनी’ मात्र नको.

इथे आपण दुसऱ्या चुकीपाशी आलो. ‘वॉज नॉट वेंट’ कुठून येतं? सरळ ‘नव्हतो’ या शब्दातून. हा शब्द मराठीत इतकी कामं करतो की त्याला एकच इंग्रजी जोडीदार शोधणं म्हणजे फसणं. ‘मी घरी नव्हतो’ इथे तो ‘वॉज नॉट’ आहे. ‘मी टीव्ही बघत नव्हतो’ इथेही ‘वॉज नॉट’, पुढे ‘वॉचिंग’. ‘मी जेवलो नव्हतो’ इथे मात्र ‘वॉज’चा काहीच संबंध नाही. त्याच्या आधीचा शब्द बघा. जागा, नाव किंवा विशेषण असेल तर ‘वॉज नॉट’. क्रियापदाचं ‘त’वालं रूप असेल, जसं ‘बघत’, ‘खेळत’, तर ‘वॉज नॉट’ आणि पुढे ‘इंग’. ‘ल’वालं असेल, जसं ‘गेलो’, ‘जेवलो’, ‘पाहिलं’, तर ‘डिडन्ट’ किंवा ‘हॅडन्ट’, आणि या दोघांत निवड कशी करायची ते पुढे येतंच आहे.

‘त’वाल्या नियमाला एक मोठं भगदाड आहे, ते आत्ताच बुजवू. ‘मला माहीत नव्हतं’, ‘मला समजत नव्हतं’, ‘मला ते आवडत नव्हतं’. ही मनाची स्थिती आहे, चालू असलेली कृती नाही, आणि इंग्रजी अशा क्रियापदांना सहसा ‘इंग’ लावत नाही. ‘आय डिडन्ट नो’, ‘आय डिडन्ट अंडरस्टँड’, ‘आय डिडन्ट लाइक इट’. ‘आय वॉज नॉट नोइंग’ हे भारतीय इंग्रजीचं ओळखपत्र बनून बसलंय. ‘आठवत नव्हतं’ला तर ‘कुडन्ट रिमेंबर’ अधिक बरं, कारण आठवायचा प्रयत्न चाललेला असतो.

आता ते तिसरं, अंगाने धडधाकट दिसणारं वाक्य: ‘आय हॅड नॉट गॉन.’ मराठीत ‘गेलो नव्हतो’ आणि ‘गेलो नाही’ यांत फरक आहे, पण तो इंग्रजीतल्या ‘हॅडन्ट गॉन’ आणि ‘डिडन्ट गो’ यांच्यातल्या फरकासारखा नाही. गोष्ट मागे पडली, ती त्या वेळची झाली, आता तिचं काही चालू नाही, एवढं दाखवायला आपण सर्रास ‘होतो-नव्हतो’ लावतो. ‘मी 2019 मध्ये नाशिकला आलो होतो’ म्हटलं की आलो आणि परत गेलो हे त्यातच कळतं. नुसतं ‘आलो’ म्हटलं तर आलो तो राहिलोच, असाही अर्थ निघू शकतो. इंग्रजीला ही काळजी नाही. तारीख, वार, ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या वर्षी’ असं काही दिलं की तिचा साधा भूतकाळ पुरतो. ‘हॅड’वालं रूप ती तेव्हाच बाहेर काढते जेव्हा भूतकाळात दोन क्षण असतात आणि आपण अलीकडच्या क्षणावर उभे राहून पलीकडे पाहतो.

‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी आली नव्हती.’ इथे एक क्षण पोहोचण्याचा, आणि त्या क्षणापर्यंत गाडीचा पत्ता नाही. म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅडन्ट अराइव्हड.’ आणि ‘काल गाडी आलीच नव्हती’? इथे दुसरा क्षण कुठेच नाही. ‘द ट्रेन डिडन्ट कम येस्टर्डे.’ मराठीत दोन्हीकडे ‘आली नव्हती’, इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं. शंका आली की मराठी वाक्यात ‘तोपर्यंत’ हा शब्द बसवून बघावा. ‘पोहोचलो तेव्हा, तोपर्यंत गाडी आली नव्हती’ हे छान बसतं. ‘काल तोपर्यंत गाडी आली नव्हती’ म्हटलं की ऐकणारा विचारेल, तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? बसलं तर ‘हॅडन्ट’, असा प्रश्न उभा राहिला तर ‘डिडन्ट’.

हा फरक नुसता व्याकरणाचा हट्ट नाही. समजा, साहेबाने विचारलं की सोमवारच्या बैठकीची तयारी का नव्हती, आणि तुम्ही लिहिलंत, ‘आय हॅड नॉट रिसीव्ह्ड युवर मेल.’ वाचणारा समजतो: तोपर्यंत मिळाला नव्हता, म्हणजे नंतर मिळाला. मेल कधीच आला नसेल तर हे वाक्य तुमची बाजू कमकुवत करतं. ‘आय डिडन्ट रिसीव्ह युवर मेल’ म्हटलं की विषय स्पष्ट. ‘तो येईल असं वाटलं नव्हतं’ हेही असंच. त्याला ‘आय हॅडन्ट थॉट’ नको, ‘आय डिडन्ट थिंक ही वुड कम’ पुरे.

‘हॅवन्ट’चं थोडक्यात. मराठी वाक्यात ‘अजून’ असेल किंवा घालता येत असेल आणि नजर आत्तावर असेल, तर ‘हॅवन्ट’: ‘मी अजून फॉर्म भरला नाही’, ‘आय हॅवन्ट फिल्ड इन द फॉर्म येट.’ बोलताना अमेरिकन माणूस इथे ‘डिडन्ट’ही वापरतो, ते चालतं. पण ‘काल’ आणि ‘हॅवन्ट’ यांना एका वाक्यात बसवू नका.

एक सापळा खास आपला आहे. ‘जोपर्यंत पाऊस थांबला नाही तोपर्यंत आम्ही निघालो नाही.’ मराठीत दोन ‘नाही’, आणि दोन्ही हवेत. इंग्रजीत ‘अनटिल द रेन डिड नॉट स्टॉप, वुई डिड नॉट लीव्ह’ म्हटलं की वाक्य कोलमडतं. आपलं ‘जोपर्यंत’ पाऊस चालू असलेला सगळा वेळ दाखवतं, म्हणून तिथे ‘थांबला नाही’ शोभतं. ‘अनटिल’ मात्र तो वेळ जिथे संपतो त्या टोकावर बोट ठेवतं, आणि टोकाला तर पाऊस थांबलेला असतो. म्हणून ‘वुई डिडन्ट लीव्ह अनटिल द रेन स्टॉप्ड.’ चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातूनही ही चूक होते.

‘कोणी आलं नाही’चंही तेच. शब्दाला शब्द लावला की ‘एनीबडी डिड नॉट कम’ तयार होतं. ‘एनी’च्या घराण्यातले शब्द नकाराच्या मागे राहू शकतात, पुढे नाही. ‘आय डिडन्ट सी एनीबडी’ ठीक, कारण ‘डिडन्ट’ आधी आलं. कर्त्याच्या जागी नकार स्वतःच जाऊन बसतो: ‘नोबडी केम.’ आणि तिथे ‘डिडन्ट’ लागत नाही, म्हणून क्रियापद पुन्हा भूतकाळी. ‘नोबडी डिडन्ट कम’ म्हटलंत तर प्रमाण इंग्रजीत सगळे आले असा अर्थ होईल. ‘सगळे पास झाले नाहीत’ म्हणायचं असेल तर ‘नॉट ऑल ऑफ देम पास्ड’ म्हणा. ‘ऑल ऑफ देम डिडन्ट पास’मध्ये काहीजण सगळेच नापास झाल्याचं ऐकतील.

दहावीच्या पोरांना छळणारं ‘नो सूनर’ही याच खानदानातलं. नकार कर्त्याच्याही आधी, वाक्याच्या तोंडाशी आला की इंग्रजी मदतनिसाला कर्त्याच्या पुढे ओढते: ‘नो सूनर डिड द टीचर एंटर द क्लास दॅन द स्टुडंट्स स्टूड अप.’ ‘डिड’ आलं, म्हणून ‘एंटर’ मूळ रूपात. ‘दॅन’नंतरचं वाक्य मात्र साधं, तिथे ‘स्टूड’. पेपरात मार्क जातात ते नेमके ‘डिड… एंटर्ड’ इथे.

आता मला मनापासून आवडणारा भाग. मराठीत एक सुंदर रूप आहे: ‘गाडी सुरूच होईना’, ‘पोरगं जेवेना’, ‘दार उघडेना’. यात नुसती घटना घडली नाही एवढंच नाही. आपण प्रयत्न करतोय आणि समोरचं काही ऐकत नाहीये, हा सगळा वैताग त्या ‘ना’मध्ये आहे. यासाठी इंग्रजीत ‘वुडन्ट’ आहे. ‘द कार वुडन्ट स्टार्ट.’ ‘द बॉय वुडन्ट ईट.’ ‘द डोअर वुडन्ट ओपन.’ शाळेत ‘वुड’ म्हणजे ‘विल’चा भूतकाळ एवढंच शिकवतात, म्हणून आपण सगळीकडे ‘डिडन्ट’ वापरतो आणि वैताग हरवतो. पावसाळ्यात स्कूटरला किका मारून मारून घामाघूम झालेल्या माणसाने ‘माय स्कूटर डिडन्ट स्टार्ट’ म्हणणं म्हणजे पंचनामा लिहिणं. ‘होईना’चा शेजारी, ‘बघवेना’, ‘चालवेना’, ‘झोप येईना’, हा ‘कुडन्ट’कडे जातो: ‘आय कुडन्ट बेअर टू वॉच’, ‘आय कुडन्ट वॉक’, ‘आय कुडन्ट स्लीप’. ‘येता आलं नाही’ही ‘कुडन्ट कम’. लग्नाला न गेल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना ‘आय डिडन्ट कम’ लिहू नका, त्यात ‘नाही आलो, बोला’ असा सूर येतो.

‘नको’, ‘नस’वाली आणि तशीच काही रूपं भराभर पाहून घेऊ. ‘मी जायला नको होतं’ म्हणजे ‘आय शुडन्ट हॅव गॉन’. ‘मी गेलो नसतो’ म्हणजे ‘आय वुडन्ट हॅव गॉन’, पण ‘गेलो नसतो तर’ म्हणजे ‘इफ आय हॅडन्ट गॉन’. मराठीत दोन्हीकडे ‘नसतो’, म्हणून ‘इफ आय वुड नॉट हॅव गॉन’ तोंडात येतं, ते टाळा. ‘तो गेला नसेल’ला ‘ही प्रॉबेब्ली डिडन्ट गो’ सगळ्यात सोपं. ‘आजोबा चहा घेत नसत’ला ‘डिडन्ट यूज टू’, आणि तिथेही लिहिताना ‘यूज्ड’चा डी गळतो, कारण भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललाय. ‘स्वयंपाक करायची गरज नव्हती’ला दोन इंग्रजी वाक्यं आहेत. केला आणि वाया गेला तर ‘आय नीडन्ट हॅव कुक्ड’. गरज नव्हती एवढंच सांगायचं असेल, आणि बहुधा म्हणून केलाही नाही, तर ‘आय डिडन्ट नीड टू कुक’.

‘बिकॉज’जवळ नकार आला की इंग्रजी स्वतःच अडखळते. ‘आय डिडन्ट टेक द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.’ पगारामुळे नोकरी नाकारली? की नोकरी घेतली, पण पगारासाठी नव्हे? दोन्ही अर्थ खरे आहेत, लिहिलेल्या वाक्यावरून ठरवता येत नाही. कारण आधी टाका, ‘बिकॉज ऑफ द सॅलरी, आय डिडन्ट टेक द जॉब’, म्हणजे पहिला अर्थच उरतो.

राहिला प्रश्न उत्तराचा. ‘तुला पार्सल मिळालं नाही का?’ यावर आपण सहज म्हणतो, ‘हो ना, नाही मिळालं अजून.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतलं ‘यस’ समोरच्याकडे बघत नाही, ते फक्त घटनेकडे बघतं. ‘डिडन्ट यू रिसीव्ह द पार्सल?’ यावर तुम्ही ‘यस’ म्हणालात की कॉल सेंटरवरचा माणूस पार्सल पोहोचल्याची नोंद करून तक्रार बंद करतो. मिळालं नसेल तर, प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी, उत्तर ‘नो’. आणि नुसत्या ‘नो’वर थांबू नका, ‘नो, आय डिडन्ट’ एवढं म्हणा. फोनवर आवाज तुटत असला तरी ‘डिडन्ट’ पोहोचतं.